बाळावर कसला दोष?

माझ्या बाळांनो,

हे लिहायचं मी इतके दिवस टाळलं. पण परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, वॉज अवर ब्रदर बॅड?" तिकडे कॅनडात धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला सांगितलं होतं, की प्रत्येक मूल आदामाचं, म्हणजे पहिल्या माणसाचं, पाप घेऊनच जन्मतं. तुमच्या आईने फोन घेतला आणि विषय बदलला. म्हणून आता लिहिते.

तुमचे आईबाबा इथे शारजात राहत होते तेव्हा तुमचा भाऊ जन्मला, दिवस भरायच्या खूप आधी. तुम्ही दोघी तेव्हा झाला नव्हतात. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जीव धोक्यात असेल तर कोणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे मी वसईला चर्चच्या वर्गात कितीतरी मुलांना शिकवलं होतं. म्हणून पर्समध्ये पाण्याची छोटी बाटली घेऊन गेले. नर्सने ती पाहिली.

"आंटी, पानी नहीं. इन्फेक्शन होगा."

"सिर्फ एक बूंद, सिस्टर."

"सॉरी आंटी."

तुमचे बाबा वैतागले. "मम्मी, आधी त्याला श्वास तर घेऊ दे. पाप नंतर धू!"

फादर दुबईहून निघाले होते, ते अल नहदाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. पाण्याशिवाय नुसते शब्द म्हणून बाप्तिस्मा होत नाही, हेही मीच शिकवलेलं. काचेपाशी उभी राहून मी पाहत राहिले, आमच्याकडून त्याला काय आलंय. आजोबांसारखी वाकडी करंगळी दिसली. दुसरं काही दिसेना.

फादर पोचले तेव्हा तो गेला होता.

तुमच्या आईने मला विचारलं, "आई, तुम्हांला तर सगळं पाठ आहे. सांगा ना, माझं बाळ कुठे गेलं?" मी तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. फादर हळूच म्हणाले, "देवाच्या दयेवर सोपवू या." दया तर अपराध्याला लागते. या बाळाचा अपराध कसला, असं मनात आलं.

आईबापांची दुखणी मुलांत उतरतात, हे मला पटतं. माझा तापटपणा तुमच्या बाबांत उतरलाच आहे. पण गुन्हाही उतरतो, हे आता माझ्याच्याने म्हणवत नाही. फादरांशी वाद घालण्याइतकं मला कळत नाही, आणि तुमच्या टीचरना मी इथून थांबवू शकत नाही.

तो वाईट नव्हता. तो कुठे आहे, ते मला माहीत नाही. रोज संध्याकाळची त्याच्यासाठीची माझी प्रार्थना मात्र अजून चालू आहे.