नाव न विचारणाऱ्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडमची आणि माझी पहिली भेट सदाशिव पेठेतल्या एका कचेरीत, मुलाखतीच्या निमित्ताने झाली. उदारीकरणानंतर पुण्यात गल्लोगल्ली संगणकाच्या कंपन्या निघत होत्या, त्यातलीच ती एक. माझी प्रमाणपत्रे बाजूला सारून त्यांनी विचारले, "खिशातल्या नोटेवर तुमचं नाव आहे?"

"नाही."

"मग कार्डातल्या पैशावर तरी कशाला हवं? सोमवारपासून या."

एका कारखान्यासाठी आम्ही पैशाचे कार्ड बनवत होतो. कामगारांनी ते पगारातून भरायचे आणि आवारातल्या कॅन्टीनमध्ये, औषधाच्या दुकानात वापरायचे. कोणी काय घेतले ते कोणालाच कळू नये, अशी अट होती. धोका उघड होता. कार्डातल्या पैशाची नक्कल एका बटणावर होते, आणि बिननावाचा चोर शोधायचा कुठे? मॅडमनी प्रत्येक इलेक्ट्रॉनिक नाण्यात मालकाचे नाव दोन तुकड्यांत लपवले. नाणे एकदा खर्चले की एकच तुकडा बाहेर येतो, त्यावरून काही कळत नाही. तेच नाणे पुन्हा चालवले तर दुसराही येतो आणि नाव जुळते.

चाचणीत पहिले नाव जुळले ते वसुधा मेश्राम! मॅडमना प्रत्येक गोष्टीची जादा प्रत ठेवायची सवय. धायरीच्या घराच्या किल्ल्यासुद्धा निम्म्या शेजाऱ्यांकडे असत. कार्ड बिघडल्यावर त्यांनी जपून ठेवलेली जुनी प्रत त्यात चढवली आणि खर्चलेल्याच पैशांचा पुन्हा चहा घेतला. भर बैठकीत त्या म्हणाल्या, "चोर सापडला. पद्धत चालते." आम्ही पोट धरून हसलो. अशी साधी चूक चोरी ठरू नये म्हणून त्या दुरुस्तीला बसल्या.

पुढे कारखान्याच्या एका अधिकाऱ्यांनी नवी मागणी केली. औषधाच्या दुकानातून मनाच्या आजाराच्या गोळ्या कोण घेते, ती नावे त्यांना हवी होती. अशा माणसांना कामावर ठेवायचे नव्हते. सगळी नावे उघडणारी एक गुप्त किल्ली बनवा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, असे त्यांनी सुनावले.

"सज्जन माणसाला लपवायचं काय असतं, मॅडम?"

मॅडमचे शिक्षण, नोकरी सगळे पुण्यातले, पण चिडल्या की नागपूर बाहेर येई. "मग घरी पडदे कशाला लावून राहिले आपण?"

किल्ली बनली नाही. काम गेले, आणि आम्ही बरेच दिवस किरकोळ कामांवर काढले. मॅडमनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, मोठेपणाही मिरवला नाही. हाताखालच्या माणसाने रजा मागितली तर त्या "किती दिवस?" एवढेच विचारत.

आज त्यांच्या पंचाहत्तरीला एक गोष्ट सांगायची आहे. चाचणीपुरती कार्डे आम्हा कर्मचाऱ्यांनाही मिळाली होती, आणि त्या दुकानातून गोळ्या घेणाऱ्यांत मी होतो. तेव्हा नाव फुटले असते तर मी पुन्हा उभा राहिलो नसतो. अधिकाऱ्यांनी किल्ली मागितली तेव्हा मी मॅडमच्या शेजारीच, मान खाली घालून बसलो होतो. आपण कोणाला वाचवले हे त्यांना हा लेख वाचूनच कळेल. त्याआधी कळण्याची सोय त्यांनी स्वतःलाही ठेवली नव्हती.

मॅडम, आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हा लेख मी आज आपणहून माझ्या नावाने छापतो आहे, आणि ते नाव सांगायचे की नाही हे ठरवणे इतकी वर्षे माझ्याच हातात राहिले, याबद्दल मी आपला ऋणी आहे.