डेल्फाच्या हातची तपासणी

हॅडली क्रीकच्या नेमबाजी क्लबात डेल्फा हॉल्डरमनच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही पिस्तूल रेषेवर येत नसे. पिस्तूल रिकामं, वरची सरकती स्लाइड मागे अडकवलेली, तोंड गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे, एवढं झालं की ही एकोणसत्तर वर्षांची ठेंगणी बाई बाजूने हात घालायची आणि नळीच्या टोकाला जे काही बसवलेलं असेल त्याला एक सणसणीत पीळ द्यायची. कुणाच्या नळीवर सायलेन्सर असे. त्याला इथे सगळे नुसतं डबा म्हणतात. ज्यांच्याकडे डबा नाही, त्यांच्या नळीच्या उघड्या आट्यांवर छोटी टोपी असते, आटे ठेचू नयेत म्हणून. डबा काय नि टोपी काय, गोळ्यांच्या हादऱ्यांनी ढिली व्हायचीच. टोपी पडली तर फार तर गवतात शोधत बसावं लागतं. डबा ढिला झाला तर तो तिरका होतो, आणि गोळी त्याच्या आतल्या पडद्यांवर आपटते. हे दुसरं काही हसण्यावारी न्यायचं काम नव्हे.

हे शहाणपण तिला नवऱ्याकडून मिळालं. वेन्डेल गावातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर आटे पाडायचा आणि जेवताना बोलायचाही आट्यांबद्दलच. तो गेला आणि डेल्फाचे शनिवार तिला खायला उठायला लागले, ते तिने क्लबाला देऊन टाकले. त्याआधी तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. म्हणजे क्लबातली निम्मी मंडळी लहानपणी तिच्या बसमध्ये दंगा करून तिची बोलणी खाल्लेली. चाळिशी ओलांडलेले दाढीवाले गडी तिच्यापुढे अजून सरळ उभे राहायचे.

"ही टोपी आहे की भोवरा? घरून निघताना हात तरी लावला होतास का हिला?"

"लावला होता, मिसेस हॉल्डरमन."

"कशाला? लाड करायला?"

आणि मग खिशातून एक रबरी रिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. टोपीच्या मागे ही रिंग बसवली की टोपी दाबून धरली जाते, सहजी फिरत नाही. नळाच्या दुकानात मिळते तसलीच साधी रिंग. बोलणी आणि रिंग, दोन्ही फुकट.

पण गेल्या हिवाळ्यात संधिवाताने तिची बोटं सुजली. कॉफीचा कप ती दोन्ही हातांनी धरायला लागली, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. क्लबाचा अध्यक्ष डॅरेल ओस्टरगार्ड भला माणूस, तोही बसमधलाच. त्याने फार चाचरत सांगितलं, की काही जणांचं म्हणणं आहे, तपासणी आता कुणा तरुणाकडे द्यावी. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, नेमबाजी संपली की जेवणाच्या वेळी हात वर करून ठरवू. डेल्फा "बरं" म्हणाली आणि घरी येऊन आठवडाभर नीट जेवली नाही. शनिवार गेला तर तिच्याकडे राहणार काय होतं? एक मांजर, आणि तेही शेजाऱ्यांचं.

त्या शनिवारी एमिल व्हाव्हरिका नवा डबा घेऊन आला. एमिल म्हणजे गावाचा निवृत्त गुरांचा डॉक्टर, एकटा जीव, वेन्डेलचा जुना दोस्त. सरकारी कागदांसाठी दहा महिने थांबून त्याला डबा मिळाला होता. त्यासाठी त्याने पिस्तुलाला आजोबांच्या देशातली, चेक बनावटीची नळीही बसवून घेतली होती. तो मागच्या माणसाला वासराची कसलीशी गोष्ट सांगत होता. बोलता बोलताच त्याने पिस्तूल पुढे धरलं. डेल्फाने डबा पकडला आणि नेहमीसारखा उजवीकडे जोर लावला. आज तर तिला जरा जास्तच लावायचा होता. डबा किंचित फिरला.

"ढिला होता, एमिल! लाज वाटते का काही?"

"तुझ्यापुढे रोजच वाटते," एमिल म्हणाला, आणि सगळे हसले.

सातव्या गोळीला आवाज वेगळा आला. डब्याचं पुढचं झाकण उडून बांधाच्या मातीत घुसलं. कुणाला काही लागलं नाही, पण दहा महिन्यांचं वाट बघणं सात गोळ्यांत संपलं.

"माझंच चुकलं," एमिल घाईने म्हणाला. "घरीच आट्यांवर वाकडा बसवला होता मी, वरून आवळून काय होणार! डेल्फा बोलली ना आत्ता?"

"पाहिलंत?" डॅरेल सगळ्यांकडे वळला. "ढिला आहे हे कुणाला कळलं? यांनाच! आता कशाला हात वर करायचे?"

माना डोलल्या. डेल्फाचा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी तिला इतका आनंद झाला, की नंतर त्याची तिला फार लाज वाटली.

कारण मंडळी जेवणाच्या पत्र्याच्या शेडकडे वळली, तेव्हा ती एमिलच्या टेबलाशी गेली. "नळी दाखव. आटे तरी वाचलेत का पाहू."

"राहू दे गं. जेवण गार होईल."

"दाखव म्हटलं ना!"

तिने रिकाम्या पिस्तुलाचं टोक उजेडात धरलं. आटे शाबूत होते, पण त्यांचा कल उलट्या बाजूचा होता. वेन्डेलच्या बायकोला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा डबा डावीकडे फिरवून घट्ट व्हायचा. एमिलने तो घट्टच आणला होता. आपणच, सगळ्यांसमोर, जोर लावून तो ढिला केला.

तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं. "तुला ठाऊक होतं?"

"झाकण उडालं तेव्हा लक्षात आलं. तू हात लावलास तेव्हा मी त्या वासरात गुंतलो होतो, नाहीतर तेव्हाच ओरडलो असतो." एमिल खाली बघत होता. "डबा काय, वर्षभरात दुसरा येईल. तू घरी बसलीस तर शनिवारी मी इकडे येऊन करू काय?"

हे वाक्य तिला कधीचं ऐकायचं होतं, आणि ऐकलं ते नेमकं आज. तिला रडू आलं आणि रागही आला.

"मूर्खा, पुढच्या शनिवारी असली नळी दुसरं कुणी घेऊन आलं तर? मी पुन्हा तेच करीन. आणि तेव्हा काय फक्त झाकणच उडेल?"

"डेल्फा, नको. तुला काढतील."

"काढू देत."

शेडमध्ये खिमा-राजम्याच्या चिलीचे वाडगे आणि दालचिनीचे रोल वाटले जात होते. डेल्फा बाकाजवळ उभी राहिली आणि बसमधल्या दंगेखोर पोरांवर ओरडायची त्याच आवाजात तिने सगळं सांगितलं. आटे उलटे होते. मी बघितले नाहीत, विचारलं नाही. डबा मी ढिला केला. एमिलची काही चूक नाही. "आता करा हात वर," ती म्हणाली आणि बसली.

मग डॅरेल उठला.

"मिसेस हॉल्डरमन, आमच्यापैकी कुणी हे सांगितलं असतं?" तो आजूबाजूला बघत म्हणाला. "मी नसतं सांगितलं. खरं सांगतो."

हात वर झाले, पण ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ठरलं असं, की यापुढे ज्याचं पिस्तूल त्यानेच तिच्यासमोर डबा किंवा टोपी आवळायची, आणि त्याआधी ती कुठल्या बाजूला घट्ट होते ते तिला मोठ्याने सांगायचं. तिने विचारायचं, बघायचं. हात लावायचा नाही.

पुढच्या शनिवारी एमिल सगळ्यात आधी रेषेवर आला. डबा नव्हता, नळीवर टोपी होती. डेल्फाने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले होते. ते बाहेर न काढणं तिला बस चालवण्यापेक्षा अवघड जात होतं.

"कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"डावीकडे, मिसेस हॉल्डरमन," एमिल शाळकरी पोरासारखा म्हणाला, आणि टोपी आवळू लागला.

खिशातली सुजलेली बोटंही त्याच्याबरोबर डावीकडे फिरत होती.