झाकणांवरची नावं

धाकट्या नणंदेची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा आम्ही तिला नाव ठेवलं घुमी. वर्गात उत्तर येत असलं तरी ही मान खाली घालून गप्प. शेवटच्या वर्षी मॅडमनी तिला प्रयोगशाळेत ओढलं आणि पोरीला कंठ फुटला. प्रयोगाचा विषय माझ्याच ओट्यावरचा: फडकी उकळली तर जंतू जास्त मरतात, की नुसती कडक उन्हात वाळवली तर?

त्या दिवशी ती डबा विसरली म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. टेबलावर जंतू वाढवायच्या काचेच्या बशा उघड्या, शेजारी झाकणांचा ढीग आणि घुमी पांढरीफटक.

फोटो काढायला तिने सगळी झाकणं एकदम काढली होती. कुठल्या बशीत कुठलं फडकं, हे लिहिलेलं होतं नेमकं झाकणांवर.

"उद्या निवड आहे गं," तिची जोडीदारीण कुजबुजली. मोठ्या परिषदेला कॉलेजातून एकच प्रकल्प जाणार होता. "जंतूंचे डाग कमी ती बशी उकळलेल्या फडक्याची. लाव झाकणं, मॅडम येतायत!"

"अगं, तेच तर शोधायचं होतं ना!"

"आली मोठी शहाणी! माझंही नाव आहे प्रकल्पावर."

व्हरांड्यात चपला वाजल्या. घुमीच्या हातातलं झाकण बशीच्या अगदी वर, अधांतरी. मी डबा पोटाशी धरून उभी.

मॅडम आत आल्या. घुमीने झाकण बाजूला ठेवलं.

"मॅडम, झाकणं मिसळली. नावं त्यांच्यावरच होती. कुठली बशी कुठली, मला सांगता येणार नाही."

"अंदाज?"

"आहे. पण तो प्रयोगाच्या आधीही होता."

मॅडमनी एक बशी उचलून खालून बघितली. "मग उद्या आपण नाही," म्हणाल्या आणि खिशातलं मार्कर पेन तिच्यापुढे धरलं. "नाव बशीच्या बुडावर लिहायचं. झाकणं फिरतात."

जोडीदारीण पिशवी उचलून तरातरा निघून गेली.

डबा तसाच परत आला. जेवताना हे म्हणाले, "उकळल्यावर जंतू जास्त मरणारच. त्यात शोधायचं काय? कुणीही सांगेल."

"कशावरून, मामा?"

घुमीचे डोळे सुजले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मामी, ओट्यावरची फडकी धुऊ नकोस हं. उद्या प्रयोग परत लावतेय."

"आणि ती तुझी जोडीदारीण?"

"नाही आली तर एकटी लावेन."