तरंगणारे दाणे

त्या दिवशी मायनं रेशनचा तांदूळ पातेल्यात टाकला, वर पाणी ओतलं, आणि काही दाणे तरंगले.

तोवर आमच्या गावात रेशनच्या तांदळाबद्दल कुणी शंका घेतली नव्हती, कारण तो कुणी फारसा खातच नव्हतं. आदिलाबादकडं, जैनथच्या बाजूचं आमचं गाव. ताटात ज्वारीची भाकर. रेशनचा जाड तांदूळ कोंबड्यांपुढे जायचा, नाहीतर फिरत्या व्यापाऱ्याकडे. मग सरकारनं बारीक तांदूळ सुरू केला. दुकानदार तेलुगूत ‘सन्न बियम, सन्न बियम’ म्हणत माप टाकायचा आणि त्याच्या मागच्या भिंतीवर पुढाऱ्यांचे चेहरे हसत असायचे. लग्नात शिजतो तसला तांदूळ, आणि तोही फुकट. मायला तिथंच खटकलं.

“इतके वर्स जाड देल्लं. आता बारीक काऊन देऊन राह्यले?”

त्यात हे दाणे निघाले. बाकीच्यांहून पांढरे, साच्यातून काढल्यासारखे सारखे. भिंतीपलीकडची शेजारीण आली, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, “पलास्टिक हाय, बाई.”

मग गल्लीतल्या बायांनी परीक्षा घेतली. एकीनं दाणा चुलीत टाकून वास घेतला. दुसरीनं भाताचा मुटका करून ओट्यावर आपटला.

“पाह्य, उसळला!”

“तुह्या हातचा भात हाय, तो कवाबी उसळते.”

हसणं झालं, पण त्या दिवसापासून साऱ्या गल्लीत तांदूळ धुताना वर आलेले दाणे ओंजळीनं काढून टाकायची रीत पडली. माय मात्र ते फेकत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली बाई. दाणा पायाखाली येऊ द्यायची नाही. तिनं त्यांच्यासाठी वेगळा डबा केला.

मी आदिलाबादला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून आहे, राहायला जवळच मावल्याला. शनिवारी गावी जायचो. ते दाणे काय आहेत हे मी वाचलं होतं: तांदळाचंच पीठ, त्यात लोह मिसळलेलं, अंगात रक्त वाढावं म्हणून. आणि मायच्या अंगात रक्त नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिची पापणी खाली ओढून मला दाखवली होती. आत लाली दिसली नाही. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून तिनं त्या बंद केल्या होत्या. अशी बाई नेमके तेच दाणे वेचून डब्यात टाकत होती.

“माय, ते औषध हाय. तुह्यासारख्यांसाठीच टाकलं हाय.”

तिचा हात थांबला. “मले कोनी इचारलं?”

“दुकानात पाटी हाय.”

पाटी होती. तेलुगूत होती, पोत्यांच्या आड होती, आणि मायला अक्षरओळखच नव्हती.

“औषध हाय तं हातावर ठेवा, सांगा,” ती म्हणाली. “भाकरीत लपवून ढोराले देतेत.”

खरं तर तिचा संशय मलाही हळूहळू चिकटला होता. चांगलंच आहे तर आडून का?

“तू खातं काय?” तिनं विचारलं.

“माह्यं कार्ड नाई. नोकरीवाल्याले देत नाई.”

“मंग पयले तू खा.”

असं ठरलं. तिचा तांदूळ मी पिशवीत भरून मावल्याला न्यायचा आणि बाजारातून विकत आणलेला माझा तिला द्यायचा. डबाही तिनं पुढं केला, पण मी त्यातले ओंजळभरच दाणे घेतले. बाकीचे, काही झालं तर दाखवायला, तिनं ठेवून घेतले. पुढं दर शनिवारी ती मला उजेडात उभं करून जीभ बघायची, नखं दाबून बघायची. म्हणजे रक्त तिचं कमी आणि लोह मी खात होतो. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, “तुह्या अंगात तं जाऊन राह्यलं ना.”

कापूस वेचून संपत आला तेव्हा तिची खात्री पटली. “जित्ता हाय. म्याबी खातो आता.” तिनं दाणे न काढता भात शिजवला आणि माझ्यासमोर खाल्ला, औषध घ्यावं तसं तोंड करून.

तो भात तिनं थोडेच दिवस खाल्ला. मग ताप आला आणि ती गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त फारच कमी होतं, हृदय थकलं होतं, हे आजचं नव्हे. गल्लीत मात्र कुजबुज झाली: परवापर्यंत चांगली होती, दाणे काढायची सोडली आन् पाहा. मी डॉक्टरबाईंचं खरं मानतो. तरी कुजबुज कानातून गेलेली नाही.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या नावानं द्यायच्या जेवणासाठी, गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपापल्या रेशनचा तांदूळ आणला. अंगणात पातेली मांडून बाया तो धुवायला बसल्या. दाणे वर आले. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं.

“काढू का राहू देऊ?”

“राहू द्या.”

तिनं ऐकलं, मान हलवली आणि ते काढले. “तिच्या जेवनात नको, बाबू,” म्हणाली, आणि ओले दाणे वाळवून मायच्या डब्यात टाकले.

डबा आता मावल्याला माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे. त्यातले दाणे मी शिजवलेले नाहीत आणि फेकलेलेही नाहीत.