बिनझाकणाचं पातेलं

दुकानात भांड्यांवर धूळ साचते तसेच किस्सेही साचतात. धूळ रोज सकाळी झटकता येते. किस्से मात्र झटकायला घेतले की समोर बसलेला माणूस म्हणतो, "थांब शेठ, थो किस्सा नाही सांगितला तू!" दुसरबीडला हमरस्त्याला लागून माझं भांड्यांचं दुकान आहे. तिथे घ्यायला येणारे कमी आणि बसायला येणारे जास्त. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी स्वतःच स्वतःचा ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'बिनझाकणाचं पातेलं'. ब्लॉग लिहिणं सोपं निघालं. तो काय असतो हे दुकानातल्या बैठकीला समजावून सांगता सांगता मात्र माझे केस पिकले!

* * *

पहिला प्रश्न बाबारावचा. बाबाराव माझा लहानपणापासूनचा मित्र. टमाटे आणि मिरची लावतो, विहिरीला पाणी आहे, घर पक्कं आहे. एकच दुखणं. मुलगा गणेश लग्नाचा झाला आहे आणि मुलगी मिळत नाही. "मुलगा काय करतो?" "शेती." एवढं झालं की समोरचे पाहुणे चहा एका घोटात संपवून चप्पल शोधायला लागतात.

तर बाबाराव म्हणाला, "ब्लॉग म्हंजे काय असते बे?"

"आपली डायरी. पण कपाटात नाही, चौकात ठेवलेली. कोणीही यावं, वाचावं, वाटलं तर बोलून जावं."

"अन् कोणी आलंच नाही तं?"

"तरी आपण लिहायचं."

बाबारावनं तंबाखू मळत विचार केला. "म्हंजे ग्रामसभा!"

* * *

आमच्यात शिकलेले एकच, गुरुजी. निवृत्त झाले, पण तपासणी अजून चालू आहे.

"संपादक कोण?"

"मीच, गुरुजी."

"मुद्रितशोधन?"

"मीच."

"प्रकाशक?"

"बटण दाबलं की झालं. तेही मीच दाबतो."

"आणि वाचक?"

मी मोबाइल पाहिला. कितीजणांनी वाचलं ते तिथे आकड्यात दिसतं. "आतापर्यंत तरी मीच."

गुरुजी समाधानानं म्हणाले, "उत्तम. म्हणजे दर्जा राखला गेला आहे."

* * *

पुढे गुरुजी वाचायला लागले हे माझं भाग्य. एक दिवस चष्मा कपाळावर चढवून, तावातावानं दुकानात आले.

"तुम्ही बाबारावांच्या म्हशीविषयी लिहिलंत. आधी ती विकली. मग ती आजारी पडली. आणि मग बाबारावांनी ती हौसेनं विकत आणली! हा काय व्यवहार आहे?"

मी समजावलं, "गुरुजी, ब्लॉगमध्ये ताजं लिहिलेलं वर राहतं, जुनं खाली सरकत जातं. गोष्ट सुरुवातीपासून हवी असेल तर खालून वर वाचायची."

गुरुजींना ते पटलं नाही. आयुष्यभर पोरांना वरून खाली वाचायला शिकवलेला माणूस! पण कोपऱ्यातून बाबाराव बोलला, "बरोबर हाये गुरुजी तुमचं. माह्या घरी व्यवहार असाच उलटा होते."

* * *

मग आले आमचे युवा नेते. यांचा चेहरा तुम्ही पाहिलेला आहे. रस्त्यानं कुठेही थांबा, कोणत्या ना कोणत्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात. स्टँडसमोरच्या खड्ड्यावर मी ब्लॉगमध्ये लिहिलं होतं. मला वाटलं भांडायला आले.

"शेठ, खड्ड्याचं भारी लिहिलं. पण खाली आमचा फोटो काऊन नाही?"

"तुमचा फोटो? खड्ड्याखाली?"

"शुभेच्छुक म्हणून!"

"साहेब, हा ब्लॉग आहे, फ्लेक्स नाही. आणि खड्ड्याला कसल्या शुभेच्छा?"

"थे आपल्याले नाही समजत. खाली चार-पाच फोटो पाहिजेच. मोकळं मोकळं दिसते ना!" मग जाता जाता हळूच विचारलं, "किती दिवस राहते हे?"

"काढलं नाही तर कायम."

"कायम?" नेते गंभीर झाले. शर्टाची कॉलर चाचपली. "मंग थांबा. या फोटोत पोट दिसते. दुसरा पाठवतो."

* * *

आता मुख्य गोष्ट. गणेशसाठी घर पाहायला आलेलं एक स्थळ पहिल्यांदाच चहाच्या पुढे टिकलं होतं. बैठक छान जमली होती. पोहे पुढे आले, मुलीच्या मामानं मिरचीचा भावही विचारला. तेवढ्यात बाहेरून शेजारी ओरडला, "लाइन आली!"

आमच्याकडे शेतातल्या मोटारीची लाइन, म्हणजे वीज, स्वतःच्या मर्जीनं येते आणि मर्जीनं जाते. ती आली की माणूस हातातलं सगळं टाकून विहिरीकडे पळतो. बाबाराव पळाला. त्याच्यामागे गणेश पळाला. पाहुणे पोह्याच्या प्लेटी धरून एकमेकांकडे बघत बसले. पिकाला पाणी देऊन बाप-लेक चिखलाच्या पायांनी परत आले, तेव्हा ओसरीवर फक्त प्लेटी होत्या.

मी ते जसंच्या तसं ब्लॉगवर लिहिलं. लोकांनी ते उचलून एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून दुसऱ्यावर असं पार तालुक्याबाहेर पोहोचवलं. इतके दिवस जे लिहिलं ते गावाबाहेर कोणी वाचेना. हे वाचलं!

महिन्याभरानं सुलतानपूरचं स्थळ आलं. मुलगी शाळेत शिकवते, वडील क्लार्क. वडिलांचा फोन आला, नाव-गाव झालं आणि त्यांनी विचारलं, "लाइन आलीवाले तुम्हीच काय?"

बाबाराव फोन घेऊन थेट दुकानात. "पुसून टाक! आत्ताच्या आत्ता!"

मी त्याच्यासमोर पुसलं. त्यानं आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्याच्या साळ्यानं तेच त्याला पुन्हा पाठवलं होतं, वर हसणारे चेहरे लावून.

"हे काऊन नाही गेलं?"

"माझ्याकडचं मी पुसलं. लोकांनी उतरवून घेतलेलं कसं पुसू?"

"शेठ, माह्या वावरात तणनाशक मारलं तं गवतबी मरते. तुह्यावालं गवतापेक्षा वाईट हाये बे!"

* * *

गुरुजींनी उपाय सांगितला. "वाईटावर चांगलं लिहा. नवीन वर राहतं ना? मग लोकांकडचं जुनंही झाकलं जाईल." शिकले एकदाचे!

मी बसलो. गणेशबद्दल जेवढे चांगले शब्द माहीत होते तेवढे सगळे वापरले. मनमिळाऊ, निर्व्यसनी, कष्टाळू, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारा. बाबारावला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"काय झालं?"

"पोरगं जित्तं हाये शेठ माह्यं! तू तं त्याले हार घातला!"

* * *

सुलतानपूरच्यांनी मात्र नकार दिला नाही. शेवटी तिकडे जायचा दिवस ठरला. बाबाराव, गणेश, मी आणि माझी बायको शोभा. शोभाला बाबारावनं मुद्दाम आणलं होतं. "वहिनी, तुम्ही याच्याजवळ बसा. यानं तोंड उघडलं की चिमटा घ्या." शोभा म्हणाली, "थे काम तं मी फुकटात करते."

मुलीकडच्या बैठकीत गणेश मान खाली घालून बसला. बाबाराव तर असा बसला होता, जणू निकाल त्याचाच लागायचा आहे. हेही स्थळ गेलं तर पुढचं कधी येणार, ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मुलगी आली. वैष्णवी नाव. पोहे दिले, समोर बसली. वडिलांनी गणेशला एक-दोन प्रश्न विचारले, त्यानं खालमानेनंच उत्तरं दिली. मग वडील मुलीला म्हणाले, "तुला काही विचारायचं असेल तर विचार."

तिनं गणेशकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"काकाजी, ब्लॉग तुमचाच ना? मी पूर्ण वाचला. तुम्ही पुसलं थेबी माझ्याकडे आहे."

बाबारावचा चमचा प्लेटीतच थांबला. शोभानं मला आधीच चिमटा काढला, मी तोंड उघडलंही नव्हतं.

"गुरुजींचं लिहिलं तुम्ही. नेत्याचं लिहिलं. मामाजींच्या म्हशीचं लिहिलं, मामाजी पोहे सोडून विहिरीवर पळाले थे लिहिलं..."

तिचे वडील गडबडले. "अवं, मामाजी काऊन म्हणून राह्यली? सासरा झाला काय थो तुहा? अजून काही ठरलं नाही!"

तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सगळ्यांचं लिहिलं, काकाजी. पण तुमच्यावर कोण लिहिते?"

मी गुरुजींच्या थाटात घसा खाकरला.

शोभानं हातातली प्लेट खाली ठेवली, पदर सावरला आणि त्या पोरीला म्हणाली,

"बाई, तू लवकर ये. माल सगळा माझ्यापाशी हाये!"