अक्षरं पुसट होईपर्यंत

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा मी ओरत्तनाडूच्या शाळेत मुलींना भूगोल शिकवत होते. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला, तेव्हाच कळलं. तंजावरला पोचेपर्यंत बसमध्ये मी अण्णावर चिडले होते… सांगून जायची सवय त्याला कधीच नव्हती.

अण्णा माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही. कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायचा. पापनाशमला सासरी असताना माझा नवरा वारला, तेव्हा कुणाला न विचारता तो मला ट्रंकेसकट तंजावरला घरी घेऊन आला. त्यानंतर कित्येक महिने मी खिडकीशी बसून काढले. नातेवाइकांनी हात टेकले. ही आता अशीच राहणार, असं माझ्यादेखत बोलायचे आणि मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

एका सकाळी अण्णानं मला प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या नळीतल्या जंतूंना त्यानं दोन साखरा दिल्या होत्या, थोडं ग्लुकोज आणि दुधातली साखर. नळी वर्तमानपत्रापुढे धरायची. जंतू वाढले की पाणी गढूळतं, मागची अक्षरं पुसट होतात. ती पुसट होत गेली, आणि मग तशीच राहिली. अण्णा पुन्हा पुन्हा नळी धरी, मी बघे. काही फरक नाही.

"मेले," मी म्हणाले.

"मेले नाहींत गे. ग्लुकोज संपलं. दुसरी साखर आंत घ्यायचं दार त्यांच्यापाशी नाहीं. तें करतात आतां."

मी काय जंतू आहे का, असं मी रागानं विचारलं. त्यानं नळी पुन्हा वर्तमानपत्रापुढे धरली. बऱ्याच वेळानं अक्षरं आणखी पुसटली आणि मला रडू कोसळलं. नवरा गेल्यापासून मी रडले नव्हते.

पुढेही त्यानं घाई केली नाही. शिक्षिका होण्याचं मी आपण होऊन काढलं, तेव्हा "बरं" म्हणाला आणि सायकल काढून चौकशीला गेला.

आता मोठ्या बाईंचे शाळेतून निरोप येतात. शेजारच्या विचारतात, किती दिवस अशी बसणार? अण्णाच्या खिडकीत एक नळी अजून आहे. सकाळी पेपर आला की मी तिच्यात पाणी भरते आणि पेपरापुढे धरते. सगळी अक्षरं स्वच्छ दिसतात.

दार करतेय रे, अण्णा. या खेपेला वेळ लागतोय.