उपासाच्या पिठावरचा हिरवा चेहरा

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गिरणीच्या दारात शिंगाड्याच्या पिठाची पाकिटं येऊन पडू लागली. तिरोड्याच्या बायका दुरूनच फेकत होत्या. एकजण तर बाईच्या तोंडावर म्हणाली, "राक्षसिणीचं पीठ उपासाले चारून राहिली काऊन वो?"

बाईने गालावरचा पदर सारखा केला आणि नेहमीचंच बोलली, "चेहऱ्याचं सोड. माल पाय."

बाई म्हणजे गिरणीची मालकीण. आधी ती मुंबईला सिनेमात होती. परग्रहावरून माणसं येतात, तसल्या सिनेमांत. हिरोईन नव्हती. रबराचं डोकं घालून कधी हिरवी व्हायची, कधी तीन डोळ्यांची. एकात तिला बरंच काम होतं. तो सिनेमा आम्ही गावात सीडीवर पाहिला. त्यात ती मेली तेव्हा बायका रडल्या. ह्याच बायका. मला राग येतो तो ह्याचा.

रबर चिकटवायच्या डिंकाने तिचे गाल जळून पांढरे झाले होते. सिनेमावाले म्हणाले, तुझा चेहरा दिसतच नाही, मग इलाज कशाला? तुम्हीच सांगा, अशा माणसांना काय म्हणावं? मी म्हणते ते इथे लिहिता येत नाही.

ती परत आली. बोदलकसा तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांकडून शिंगाडा घेऊन, वाळवून दळायला लागली. आम्ही सातजणी सोलायला. काटे बोटात घुसायचे. मालकीण असून तीही सोलायची.

आता खरं सांगते. पाकिटावर तिचा तो हिरव्या तोंडाचा फोटो टाकायची अक्कल आमची. "तुमचा सिनेमातला फोटो टाका, लोक धावत येतील," आम्ही म्हटलं. ती म्हणाली, "उपासाच्या पिठावर? नाई जमत." आम्ही ऐकलं नाही. सगळ्यांत मोठ्याने मी ओरडत होते. त्या सकाळी दारात ती एकदाही म्हणाली नाही की हे ह्यांनी करायला लावलं.

वर्षभराचा वाळवलेला माल तो. नवरात्रात खपला नाही तर गिरणी बंद, आमचे हात रिकामे.

तिने पाकिटं फाडली. धुतलेल्या लुगड्यावर पीठ ओतून बाजारात बसली. पदर खाली, गाल उघडे. शेजारी स्टोव्हवर त्याच पिठाचा शिरा.

"तोंडाले काय झालं वो बाई?"

"सिनेमाचा डिंक."

"अन् पिठात काय हाय?"

"शिंगाडा. खाऊन पाय."

दुपारपर्यंत लोकांनी फुकटचा शिरा खाल्ला आणि निघून गेले. मग एका म्हातारीने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, हुंगलं आणि पिशवी पुढे केली. तिच्यामागे बाकीच्या आल्या. नवरात्र सरेपर्यंत अर्धं गेलं. उरलेलं आम्ही दिवाळीपर्यंत खाल्लं. तेवढ्या पैशावर गिरणी वाचली.

माफी कोणी मागितली नाही. पुढच्या वर्षी त्याच बायका पीठ मागायला आल्या. मी एकीला विचारलं, "आता राक्षसिणीचं चालते का?"

बाई माझ्यावरच डाफरली, "मावशी, गिऱ्हाईकासंग नीट बोल."

नीट बोलायचं कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे बाई तापाने गेली. दारात पाकिटं पडली त्या सकाळी तिच्यासकट आम्ही आठजणी होतो. पाच अजून आहोत. शिंगाडा सोलतो.